राहिलेला नारळ

कमळाकरभाऊंच्या हाताला गुण आहे, हे वडखळपासून नागोठण्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त ते कमळाकरभाऊंना ठाऊक होतं. पेणच्या खाडीकाठी त्यांची वाडी. हायवे सोडून बांधावरचा रस्ता धरायचा आणि भेटेल त्याला 'काविळीवाले भाऊ' एवढंच विचारायचं, की तो कामात असला तरी दोन पावलं बरोबर यायचा. भाऊंची उभी हयात मिठागरात गेली होती. मिठागरं बंद पडल्यावर खारातली थोडी भातशेती उरली. पण मिठागरवाला म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हतं आणि त्यांचीही तशी काही तक्रार नव्हती.

विद्या आत्याची. धोंडुबाई आत्या जाताना भाच्याच्या कानात मंत्र सांगून गेली आणि बांधापलीकडची एक रानवेल दाखवून गेली. त्या वेलीची कोवळी देठं तोडायची, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि दोऱ्याच्या गाठीत एकेक तुकडा घट्ट आवळून माळ करायची. घालताना ती जेमतेम डोक्यातून उतरते. मग रोज थोडी थोडी वाढत जाते. छातीवर येते, पोटावर येते, बेंबीच्या खाली गेली की कावीळ उतरली म्हणायचं. मग रोग्याने परत यायचं, भाऊंनी माळ काढून खाडीत सोडायची आणि रोग्याने एक नारळ ठेवायचा. पैसा घ्यायचा नाही. पैसा घेतला की गुण जातो.

नियम आणखीही होते. तेल, हळद, सुकी मासळी बंद. आपली माळ आपल्या हाताने घालून घ्यायची नाही. घालणाऱ्या हातानेच ती काढायची, दुसऱ्या कोणी तिला बोट लावायचं नाही. आणि कावीळ उतरायच्या आधी तो हात माळ काढून बसला, तर त्या हाताचा गुण कायमचा गेला. शेवटचा नियम भाऊ बोट वर करून सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज आपोआप चढे.

"माळ गळ्यात हाय तवर डॉक्टरची पायरी चढायची नाय. दोन हात लागले का गुण येत नाय."

आता बहुतेक कावीळ पडून राहिलं, बेतानं खाल्लं की आपली आपण उतरते. हे डॉक्टरांना माहीत असतं, काविळीलाही माहीत असतं, रोग्याला तेवढं नसतं. त्या जोरावर भाऊंची पडवी बुधवारी आणि रविवारी भरून जायची. याला लबाडी म्हणावी तर तसंही नव्हतं. लबाड माणसाला आतून थोडी तरी धाकधूक असते. भाऊंना कसलीच नव्हती.

बरे झालेले नारळ घेऊन येत. जे येत नसत त्यांच्याबद्दल भाऊंचं मत साफ होतं. "मानसं बेइमान झालीत," ते बायकोला, काशीबाईंना, ऐकवत. "बरं वाटलं का लगेच वाट इसरतात." वडखळच्या नाक्यावर चहाची टपरी चालवणारा रघू हा त्यांचा ठरलेला दाखला. ऐन उन्हाळ्यात माळ घालून घेऊन गेला, त्यानंतर ना माळ परत आली, ना नारळ. पुढे भाऊ एसटीने नाक्यावरून जात तेव्हा टपरी बंद दिसे. "चार पैसे झाले असतील, मोठा गाळा घेतला असंल कुठंतरी," असं म्हणून भाऊ खिडकीतून तोंड फिरवत.

भातकापणीच्या दिवसांत भाऊंचं स्वतःचं पोट दुखायला लागलं. उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत जाऊन बसायची. अंगाला खाज सुटली. लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. काशीबाई चार दिवस बघत होत्या, पाचव्या दिवशी भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचं डोळं पिवळं झालंय."

"उन्हात कापणी केलीय. पिवळं नाय तर काय हिरवं होनार?"

"मी पंचवीस वर्सं पडवीत बसलेली पिवळी मानसं बघतेय," काशीबाई म्हणाल्या. "मना नका शिकवू."

भाऊंचं अवसानच गळालं. काविळीवाल्याला कावीळ झाली, हे गावात कळलं तर पडवीत कुत्रं फिरकणार नव्हतं. बरं, आपली माळ आपल्या हाताने घालता येत नाही. दुसऱ्याला मंत्र शिकवावा तर विद्या त्याच्याकडे जाते. शेवटी त्यांनी दार लावून तोड काढली. माळ काशीबाईंनी धरली, मंत्र भाऊंनी मनात म्हटला. हात तिचे, मंत्र त्यांचा. नियम एकही मोडला नाही. मग सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावून भाऊ पडवीत दुसऱ्यांना माळा घालायला बसले.

माळ वाढत गेली. कावीळही वाढत गेली. माळ बेंबीखाली उतरली तरी डोळे हळदीने माखल्यासारखे, आणि भाऊ आरशाकडे पाठ करून दाढी करायला लागले.

अशात त्यांची सून नम्रता छोट्या नातीला, किमयाला, घेऊन रोह्याहून आली. मुलगा प्रविण आणि नम्रता दोघंही धाटावला कंपनीत, तो प्लँटवर शिफ्टमध्ये आणि ती लॅबमध्ये. तपासून बघायची तिला सवय लागलेली. भाऊंनी एक माळ जास्तीची करून पडवीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. नम्रता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी दिवाळीत आले तेव्हा ही एवढीशी होती. आता बघा, पार जमिनीला टेकायला आली. खिळ्याला कावीळ झाली होती का?"

काशीबाईंनी पदर तोंडाला लावला. नम्रताने सरळ सांगून टाकलं, की देठ ओलं असतं तेव्हा गाठ घट्ट बसते, वाळलं की आक्रसतं, गाठ सैल पडते आणि दोरा मोकळा होतो. गळा पिवळा असो की काळा, माळ लांबणारच.

"ते तुला नाय कळायचं गो," भाऊ म्हणाले आणि जेवण होईपर्यंत सुनेशी बोलले नाहीत. पण डोळे तिने पाहिले होते. संध्याकाळी प्रविण गाडी घेऊन दारात हजर झाला. गावात सांगितलं, किमयाच्या वाढदिवसाला रोह्याला चाललो. किमयाचा वाढदिवस जूनमध्ये असतो, पण गावाला ते कुठे माहीत होतं!

रोह्यात सोनोग्राफी झाली आणि तिथून पनवेलच्या पुढच्या एका मोठ्या दवाखान्यात रवानगी. तिथल्या डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या, बोलायला खणखणीत. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. यकृतातून पित्त खाली आतड्यात उतरतं त्या नळीत मोठा खडा अडकला होता. पित्त तुंबलं होतं आणि तेच रक्तात मिसळून अंगभर पिवळं पसरलं होतं.

"पोट कापायचं नाही," बाई म्हणाल्या. "तोंडातून दुर्बीण घालायची, आतड्यापर्यंत न्यायची आणि नळीच्या तोंडातून खडा ओढून काढायचा. एक टाका नाही, एक व्रण नाही."

खूण राहणार नाही, हे ऐकून भाऊंचा जीव भांड्यात पडला. जिवाची काळजी त्यांना तेव्हा नव्हतीच. काळजी होती ती नावाची.

नर्सने गळ्यातली माळ काढा म्हटलं तेव्हा थोडी चकमक झाली. काशीबाईंनी घातली होती, काशीबाईंनीच काढली, आणि ठेवायची कुठे म्हणून स्वतःच्या गळ्यात घातली. खडा मात्र दुर्बिणीला दाद देईना. तो चांगला सुपारीएवढा, आणि नळीचं तोंड अरुंद. जाळीत धरायला जावं तर जाळी पुरेना. मग बाईंनी खड्याच्या बाजूने प्लास्टिकची एक बारीक नळी सरकवून ठेवली, म्हणजे पित्ताला तेवढी वाट झाली.

"ही नळी कायमची नाही," निघताना बाईंनी भाऊ, काशीबाई आणि प्रविण तिघांनाही बसवून बजावलं. "खडा आतच आहे. तीन महिन्यांच्या आत यायचं. पुढच्या वेळी आत लेझर नेऊन फोडू. नाही आलात तर नळी तुंबेल, ताप येईल, आणि तो ताप माणसाला घेऊन जातो."

भाऊंनी मान डोलावली. त्यांच्या मान डोलावण्यात फार अदब होती.

थोडे दिवस रोह्यात राहून भाऊ परतले तेव्हा डोळे पांढरेशुभ्र. माळ काशीबाईंच्या गळ्यातून परत त्यांच्या गळ्यात आली होती आणि गुडघ्याला लागत होती. एव्हाना गावात कुणकुण लागलीच होती, की भाऊंना कावीळ झाली होती म्हणून. आता उतरलेली दिसली. सगळ्या खाडीत एकच बोलबाला झाला, की भाऊंनी सोताची कावीळ सोताच्या माळेने उतरवली. लोक माळ बघायला आले. काशीबाईंनी एकदा घसा खाकरला, भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघंही मूग गिळून बसले.

तिथपर्यंत ठीक होतं. पण रोज रोज ऐकून ऐकून भाऊंनाही ते खरं वाटायला लागलं. नळी घातली होती, मान्य. पण माळही होतीच की. नम्रता फोन करून तारखेची आठवण करी तेव्हा कधी भात झोडायचं असायचं, कधी वालाच्या शेंगा भरलेल्या असायच्या, कधी बांधाला भगदाड पडलेलं असायचं. "कावीळ उतरली ती उतरली," ते म्हणत. "आता तिथं जाऊन काय बिऱ्हाड करू?" खरं कारण त्यांनी काशीबाईंनाही सांगितलं नाही. पुन्हा दवाखान्यात गेलो तर गुण माळेचा नव्हता, हे आपणच आपल्या तोंडाने कबूल केल्यासारखं होईल, ही ती भीती होती.

तीन महिने होऊन गेले. मग एका बुधवारी गडबच्या विमलबाई आल्या. हायवेला त्यांचं पोह्याच्या पापडांचं दुकान, नवरा हिरामण गल्ल्यावर बसायचा. बाई पार पिवळ्या, आणि उजवी कूस दाबून वाकलेल्या. ते दुखणं भाऊंच्या चांगल्या ओळखीचं होतं.

"भाऊ, पेनच्या डॉक्टरनं सोनोग्राफी सांगितलीय," हिरामण म्हणाला. "ती करून घेऊ का आधी? मग माळ घाला."

भाऊंचा हात नकळत स्वतःच्या बरगडीखाली गेला. 'करून घे' एवढंच म्हणायचं होतं. पण पडवी भरलेली होती, सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर होते, आणि सोताची कावीळ सोता उतरवणारा माणूस डॉक्टरचं नाव कसं घेणार? पोटात प्लास्टिकची नळी घेऊन भाऊंनी बोट वर केलं आणि नियम सांगितला.

"तुमी बोलाल तसं, भाऊ," विमलबाई म्हणाल्या आणि मान पुढे केली.

त्या दिवशी भाऊंना जेवण गेलं नाही. काशीबाईंनी विचारलं तर म्हणाले, वांगं कडू आहे.

आणि मग ताप आला. साधा नव्हे, हाडं खिळखिळी करणारी हुडहुडी. तीन गोधड्यांखाली भाऊ असे थरथरत होते की खाट वाजत होती. प्रविण शिफ्ट अर्धी टाकून आला आणि त्यांना सरळ पनवेलला घेऊन गेला. वाटेत भाऊ बरळत होते. काय बरळत होते ते प्रविणला कळलं नाही, फक्त 'उघाडी, उघाडी' एवढंच ऐकू येत होतं. उघाडी म्हणजे खारबांधातलं पाणी सोडायचं दार. आयुष्यभर भाऊंनी ते उघडलं-मिटलं होतं.

नळी तुंबली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचं भाऊंना जास्त लागलं. त्यांनी तुंबलेली नळी काढली, नवी घातली, औषधं सुरू केली, आणि ताप उतरून अंगात थोडं त्राण आल्यावर लेझरचा दिवस ठरवला.

त्या दिवशी सकाळी भाऊंना हिरवा झगा घालून आतल्या तयारीच्या खोलीत नेऊन निजवलं. खोलीत ओळीने खाटा, मध्ये पडदे. पलीकडच्या पडद्याआड काहीतरी वाद चालला होता.

"आजी, ही माळ काढावी लागेल," नर्स समजावत होती.

"हात लावू नको गो! जेनी घातलीय त्योच काढनार."

आवाज ओळखीचा वाटला आणि भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी चादर नाकापर्यंत ओढली. तेवढ्यात दुसरी नर्स दारातून खड्या आवाजात ओरडली, "कमळाकर म्हात्रे कोण? पेण? पित्तनळीत खडा?" आणि तिने त्यांच्या खाटेपाशी येऊन पडदा सर्रकन बाजूला केला.

पलीकडे विमलबाई होत्या. तसाच हिरवा झगा, हाताला सलाईन आणि गळ्यात भाऊंची माळ, पोटापर्यंत आलेली. त्यांनीही चादर तोंडावर ओढायला घेतली होती. दोघांनी एकमेकांना पाहिलं. चोरी कोणाची पकडली गेली, हे काही क्षण दोघांनाही कळेना.

विमलबाईंनाच आधी वाचा फुटली. "भाऊ, चुकले मी!" त्या उठून बसल्या. "नियम मोडला. दुकानात चक्कर येऊन पडले, तशी या मेल्या हिरामनानं उचलून आनली. तुमाला कसं कळलं ओ? माझ्यासाठी एवढ्या लांब आलात?" आणि नर्सकडे वळून म्हणाल्या, "काढ ही सुई. मना काय करायचं नाय. माझा भाऊ आलाय, मी त्यांच्यासंगं चालले घरी."

डॉक्टरीणबाई धावत आल्या. मागून हिरामण आला, रडवेला झालेला. बाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. "यांच्या नळीत पू झालाय. आज मोकळं केलं नाही तर या दोन दिवस काढणार नाहीत. कोण घेऊन जातंय यांना?" सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं.

विमलबाई आता कोणाचंच ऐकणार नव्हत्या, फक्त त्यांचं ऐकणार होत्या. आणि त्यांना सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, जी त्यांनी बायकोपाशीही कबूल केली नव्हती.

"विमल," ते म्हणाले, "मी तुला न्यायला नाय आलो. मना पन खडा हाय."

"काय चेष्टा करता, भाऊ! तुमची तर माळेनं उतरली. अख्ख्या खाडीला ठाव हाय."

"माळेनं नाय उतरली. हितंच नळी घातली होती. ती तुंबली म्हनून परत आलोय."

विमलबाई हसल्या. तापाने सुकलेल्या ओठांनी हसल्या. "माझी परीक्षा बघताय. दाखवा बरं कुठं कापलंय ते."

भाऊंनी झगा वर केला. पोट गुळगुळीत. एक टाका नाही, एक व्रण नाही. ज्या गोष्टीवर ते इतके महिने खूश होते तीच आता उलटली होती. चार बोटं जरी कापलेलं असतं तरी दाखवता आलं असतं.

मग त्यांनी उघाडीचा दाखला दिला. खारातली बाई, हे तरी कळेल. "आता बघ. उघाडीत ओंडका अडकला, तर आतलं पानी उतरंल काय? बांधावर माळ घालून उतरंल? कोनीतरी आत उतरून ओंडका काढायलाच पायजे ना?"

"व्हय," विमलबाई म्हणाल्या. "पन तुमी माळ घातलीय ना. मग ओंडका तीच काढनार."

भाऊंना रडू आलं. पंचवीस वर्षं त्यांनी लोकांच्या मनात जे रुजवलं होतं ते इतकं पक्कं बसलं होतं की आता त्यांनाच उपटता येईना. ते खाटेवरून उतरले. सलाईनचा स्टँड नर्सने मागून धरला. विमलबाईंसमोर उभे राहिले आणि माळेला हात घातला.

"भाऊ, नको!" विमलबाई किंचाळल्या. "कावीळ उतरली नाय अजून. तुमचा गुण जाईल!"

"जाऊ दे," भाऊ म्हणाले.

त्यांनी माळ काढली, दोन्ही हातांनी ओढून तोडली. वाळलेली देठं फरशीवर पडली आणि नर्सच्या चपलेखाली कडकड वाजली. विमलबाई बघतच राहिल्या. हा माणूस खोटं बोलत असेल, परीक्षा घेत असेल, पण आपला गुण कोणी चेष्टेत घालवत नाही, एवढं त्यांना कळत होतं. त्या हळूच आडव्या झाल्या आणि डोळे मिटून नर्सला म्हणाल्या, "ने गो बाय."

त्यांची केस बिकट म्हणून भाऊंच्या आधी त्यांना आत घेतलं. पू निघाला, वाट मोकळी झाली. मग भाऊंचा नंबर. भुलीत त्यांना काही कळलं नाही. नंतर बाईंनी पडद्यावर दाखवलं. मोठ्या दुर्बिणीच्या आतून एक बारीक दुर्बीण नळीत शिरली होती, तिच्या टोकातून केसासारखी तार बाहेर आली होती, आणि निळसर उजेडाच्या ठिणग्यांनी तो खडा कडेकडेने फुटत चालला होता. तुकडे धुऊन खाली आतड्यात सोडले आणि नळी स्वच्छ झाली. भाऊंनी ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायला मागणार होते, पण लाज वाटली. पुढे थोड्या दिवसांनी बारीक भोकांतून पित्ताची पिशवीही काढली. झगा वर करून दाखवण्यासारखी खूण अखेर मिळाली, पण तोवर उशीर झाला होता.

कारण विमलबाई आधी घरी पोचल्या होत्या. पापड घ्यायला थांबणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत होत्या, की भाऊंनी माझी कावीळ सोताच्या अंगावर घेतली. दवाखान्यात माझ्या शेजारी, माझ्यासारखाच झगा घालून झोपले होते, मी या डोळ्यांनी बघितलं. माझ्यासाठी हातचा गुण सोडला. दुसऱ्या कोनी केलं असतं?

रविवारी पडवी कधी नव्हे इतकी भरली. भाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं, की मला खडा होता, दवाखान्यात काढला, माळेत काही नसतं, ती खिळ्याला टांगली तरी लांबते. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "बघ, एवढा मोठा मानूस, पन गर्व नाय."

शेवटी भाऊंनी वाद घालणं सोडलं. कोणी पिवळा माणूस आला की ते डोळे बघत, पोट कुठे दुखतं ते विचारत आणि आधी सोनोग्राफी करून यायला सांगत. डॉक्टरने सांगितलं असतं तर लोक गेले नसते, भाऊंनी सांगितलं म्हणून लगोलग जात. बरे झाले की नारळ मात्र भाऊंनाच आणून देत. नम्रताला हे सारं फार गमतीचं वाटायचं. भाऊंना वाटत नव्हतं. त्यांच्या डोक्यात आता वेगळंच घोळत होतं. नारळ घेऊन आलेल्यांचे चेहरे त्यांना आठवत नव्हते. आठवत होते ते न आलेल्यांचे.

एक दिवस ते वडखळला उतरले. रघूची टपरी बंदच होती. विचारत विचारत घर गाठलं. रघूची बायको कृष्णाबाई ओटीवर वाल सोलत होत्या. कपाळ मोकळं होतं. ते बघून भाऊ अंगणातच थांबले.

"भाऊ! तुमी कशाला आलात?" त्या गडबडीने उठल्या. "मीच येनार होते."

"रघू?"

"गेले ओ. पावसाच्या तोंडावर. माळ गळ्यातच होती. तुमच्याशिवाय काढनार कोन, म्हनून तशीच राहू दिली."

"डॉक्टरकडं नाय नेलं?" विचारलं आणि भाऊंना वाटलं, विचारायला नको होतं.

"पोरगा बोलत होता. पन हे नाय बोलले. भाऊंनी नियम सांगितलाय, तो मोडायचा नाय." कृष्णाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि मग भाऊंना वाईट वाटू नये म्हणून घाईने म्हणाल्या, "तुमच्या हाताचा दोष नाय, भाऊ. यांनीच कायतरी पथ्य मोडलं असंल. सुक्या बोंबलावर भारी जीव होता."

भाऊंना बोलायचं होतं. तोंड उघडलं, पण जे खरं होतं ते या बाईला ऐकवलं तर नवरा वाचला असता हे तिला जन्मभर उराशी घेऊन बसावं लागणार होतं. "नाय," एवढंच ते म्हणाले. "त्यानं पथ्य नव्हतं मोडलं. त्याचा काय दोष नव्हता."

"असं बोललात, बरं वाटलं," कृष्णाबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि धुऊन पुसलेला, शेंडी ठेवलेला नारळ घेऊन आल्या. दोन्ही हातांनी त्यांनी तो पुढे केला. "तुमचा राहिला होता. मनाला लागून होतं माझ्या."

भाऊंनी नारळ घेतला. नाक्यावर एसटी आली आणि गेली, भाऊ नारळ धरून उभेच होते.

तो नारळ पडवीतल्या खिळ्याखाली अजून तसाच आहे. काशीबाई कधी तरी म्हणतात, वाळून चाललाय, फोडू का, आमटीत घालते. भाऊ पडवीतल्या पिवळ्या माणसाचे डोळे बघता बघता मान न वळवता सांगतात, "राहू दे. तो माझा नाय गो."